नील पीर्टच्या काऊबेल : घरच्या ड्रमसेटवर ती रांग कशी उभी करायची

रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांच्या लेखी काऊबेल म्हणजे बेसड्रमवर अडकवलेली एक घंटा. गाणं सुरू होताना चार वेळा टॉक-टॉक करायचं, फार तर एखाद्या कडव्यात ठेका धरायचा, की तिचं काम संपलं. कॅनडातल्या ‘रश’ बँडच्या नील पीर्टने हा हिशेब बदलून टाकला. त्याच्याकडे लहान-मोठ्या काऊबेलची रांगच असायची, प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि त्या रांगेवर तो ठेक्याच्या जोडीने चक्क सुरावट वाजवायचा. त्याच्या ड्रम सोलोंमध्ये हा तुकडा आला की ड्रम न वाजवणारी माणसंसुद्धा मान वर करून बघतात.

ही रांग आपल्या सेटवर आणायची असेल तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे या लेखात आहे. तुमच्याकडे पाच ड्रमचा (फाइव्ह-पीस) साधा सेट आहे, ड्रम शिकून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत आणि आजवर काऊबेल घेतलेली नाही, असं धरून मी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पीर्टने वापरलेला अमुक कंपनीचा तमुक नंबर शोधत बसू नका. रशमध्ये तो १९७४ च्या जुलैत आला आणि शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५ ला झाला. या एकेचाळीस वर्षांत त्याने स्लिंगरलँड, टामा, लुडविग, डीडब्ल्यू अशा किती कंपन्यांचे सेट बदलले, आणि सोबतची वाद्यंही बदलत गेली. तेव्हा ‘पीर्टच्या काऊबेल’ अशी एकच एक यादी नाही. कायम राहिली ती कल्पना. घंटा एकेकटी निवडायची नाही, शेजारणीच्या संदर्भात निवडायची. हे एवढं धरलंत की बाकीचं स्टँड-क्लॅम्पचं काम.

आधी कान तयार करा

खरेदीला निघण्याआधी एक आठवडा फक्त ऐका. १९७७ चा ‘अ फेअरवेल टू किंग्ज’ हा अल्बम वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाला. त्यात पीर्टच्या नावापुढे ड्रमशिवाय ट्यूब्युलर बेल, विंड चाइम, टेंपल ब्लॉक (पोकळ लाकडी ठोकळे), ट्रँगल अशी वाद्यं आहेत. पुढच्या वर्षीच्या ‘हेमिस्फिअर्स’च्या यादीत काऊबेलचंही नाव येतं. १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मध्ये तर काऊबेलच्या शेजारी ‘प्लायवुड’ लिहिलंय, आणि ती थट्टा नाही. त्याने खरंच प्लायवुड वाजवलंय. त्याच वर्षीच्या ‘एक्झिट... स्टेज लेफ्ट’ या लाइव्ह अल्बममध्ये ‘वाय वाय झेड’च्या पोटात पूर्ण ड्रम सोलो आहे. काऊबेलची रांग ऐकायला मी तरी तिथूनच सुरुवात करायला सांगेन.

ऐकताना घंटांवरून लक्ष थोडं हटवून त्याच्या टॉमकडेही द्या. वरच्या बाजूला ६, ८, १० आणि १२ इंचांचे, खालचं कातडं नसलेले कॉन्सर्ट टॉम ओळीने. त्यानंतर मोठे टॉम. सूर पायरीपायरीने उतरत जातो. टेंपल ब्लॉकचंही तसंच. म्हणजे काऊबेलची रांग हा वेगळा नखरा नव्हता. त्याच्या सेटमधली जवळपास प्रत्येक गोष्ट चढत्या-उतरत्या क्रमात लावलेली होती. तुमच्या घंटा टॉमच्या क्रमाशी जुळल्या पाहिजेत असं मी पुढे म्हणणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

किती घंटा घ्यायच्या

चार. तीनमध्ये सुरावट लवकर संपते आणि पाचवी घेतली की स्टँडचा प्रश्न उभा राहतो. पैसे कमी असतील तर दोन घ्या, पण त्या रांगेतल्या दोन टोकांच्या घ्या, एक मोठी आणि एक लहान. मधल्या दोन नंतर भरता येतात. मधल्या दोन आधी घेतल्या तर पुढे दोन्ही बाजूंना काय बसेल याचा अंदाज लागत नाही आणि चौथी घंटा हमखास नावडती निघते.

मापाने बोलायचं तर साधारण ८, ६, ५ आणि ४ इंच लांबीच्या घंटा बघायला सुरुवात करा. ही मापं फक्त सुरुवातीला. घंटेचा सूर लांबीबरोबर पत्र्याच्या जाडीवर आणि तोंडाच्या रुंदीवरही ठरतो, त्यामुळे एका कंपनीची ५ इंची दुसऱ्या कंपनीच्या ६ इंचीपेक्षा खाली बोलू शकते. नवख्या माणसाने ऑनलाइन चार मापं मागवली आणि घरी आल्यावर दोन घंटा जवळजवळ एकाच सुरात निघाल्या, असं वारंवार होतं.

सर्च करताना आणखी एक गोंधळ होतो. काऊबेल म्हणून शोधलं की मुठीत धरून हलवायच्या, आत लोलक असलेल्या घंटाही दिसतात. परदेशात स्कीइंगच्या शर्यतीत लोक त्या वाजवतात. आल्प्समधल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटाही असतात. ऑस्ट्रियन संगीतकार मालरने आपल्या सहाव्या सिंफनीत त्या वापरल्या आहेत. यांतली कुठलीच आपल्या कामाची नाही. आपल्याला हवी ती दुमडलेल्या पोलादी पत्र्याची, कडा वेल्डिंगने जोडलेली, लोलक नसलेली आणि रॉडवर बसवायला खोबण व स्क्रू असलेली. पोळ्याच्या बाजारात मिळणारी ओतीव पितळी घंटा घेऊन बघायचा मोह मलाही झालाय. तिचा आवाज गोड असतो, पण तो रेंगाळतो. दुसरा फटका पडतो तेव्हा पहिला अजून वाजतच असतो आणि जलद तुकड्यात सगळा काला होतो.

दुकानात काय करायचं

मुंबईत धोबीतलावच्या आसपासची वाद्यांची दुकानं आणि पुण्यातली जुनी वाद्यपेठ, दोन्हीकडे घंटा हातात घेऊन वाजवू देतात. जाताना आपली स्टिक न्या. दुकानातली मोडकी स्टिक किंवा, त्याहून वाईट, पेन घेऊन घंटा पारखू नका.

घंटा मुठीत घट्ट धरली की तिचा अर्धा आवाज हातातच मरतो. स्क्रूच्या जागी दोन बोटांत हलकी पकडा, किंवा दुकानदाराला एखाद्या रॉडवर अडकवायला सांगा. मग प्रत्येक घंटेच्या तोंडाच्या कडेवर, स्टिकच्या खांद्याने (म्हणजे टोकाच्या मागचा जो निमुळता भाग असतो त्याने), सारख्याच जोराने मारा. एकीला जोरात आणि एकीला हळू मारलंत तर तुलनेला अर्थ नाही.

आता सुराची पारख. फोनमध्ये ट्यूनर किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप असेलच, पण ट्यूनरचा काटा काऊबेलवर थरथरत राहतो, एका जागी टिकत नाही. यात ट्यूनरचा दोष नाही. घंटेच्या पत्र्यातून एकाच वेळी दोन-तीन सूर निघतात आणि ते एकमेकांच्या साध्या पटीत नसतात. रोलँडने १९८० मध्ये टीआर-८०८ हे रिदम मशीन काढलं, त्यातली प्रसिद्ध काऊबेल फक्त दोन कंपनांतून बनवली आहे, एक साधारण ५४० हर्ट्झचं आणि दुसरं ८०० हर्ट्झचं. गुणोत्तर काढलं तर दुसरा सूर पहिल्याच्या पंचमाच्या किंचित खाली पडतो. ना धड पंचम, ना धड तीव्र मध्यम. कानाला जो ‘टॉंक’ असा तिरका धातूपणा जाणवतो, तो या न जुळण्यातून येतो.

म्हणून ट्यूनर बाजूला ठेवा आणि गळा वापरा. मोठी घंटा वाजवा, जो सूर मनात ठळक उमटेल तो ‘सा’ म्हणून गुणगुणा. मग पुढची वाजवा आणि ती कुठे येते ते गाऊन बघा. ग किंवा म च्या आसपास आली तर उत्तम. रे वर आली तर अंतर कमी आहे. सेटच्या गलक्यात दोघी एकच वाटतील. चौघींचा मिळून राग जमला पाहिजे असं काही नाही, किंबहुना अगदी सुरात लावलेल्या घंटा मला जरा बाळबोध वाटतात. पण प्रत्येक पायरी कानाला स्पष्ट कळली पाहिजे आणि पायऱ्या साधारण सारख्या उंचीच्या असाव्यात. शेवटी चारही ओळीने वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, दुकानाबाहेर येऊन ऐका. आत बाकीची वाद्यं वाजत असतात, त्यात कान फसतो.

घेण्याआधी वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवा. कुठे फट किंवा सुटलेला टाका असेल तर जोरात मारल्यावर बारीक झरझर ऐकू येते. ती टेपने जात नाही. तोंडाशी प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची पट्टी बसवलेल्या घंटाही मिळतात. त्या स्टिक कमी खातात आणि आवाज जरा बसका देतात. सतत मात्रेला दोन ठोके (एट्थ नोट) धरायचे असतील तर ती पट्टी चांगली, पण पीर्टसारख्या रांगेत मला उघडी कड बरी वाटते.

नवंच घ्यायला हवं असंही नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात साइड रिदम वाजवणाऱ्यांकडे तुंबा-बोंगोच्या स्टँडवर काऊबेल असतेच, आणि ऑक्टोपॅड आल्यापासून कित्येकांच्या घंटा पोत्यात पडून आहेत. विचारून बघा. पत्रा फाटलेला नसेल तर काऊबेल जुनी झाल्याने बिघडत नाही.

अडकवणं : खरी डोकेदुखी इथे आहे

घंटा घेताना लोक आठवडे घालवतात आणि क्लॅम्प पाच मिनिटांत उचलतात. उलटं करा.

सर्वांत स्वस्त मांडणी अशी : सध्याच्या क्रॅश सिंबलच्या स्टँडला एक मल्टिक्लॅम्प (स्टँडला दुसरा रॉड जोडणारी पकड), त्यातून एक आडवा रॉड, आणि त्या रॉडवर दोन घंटा. चार घंटांसाठी मात्र वेगळा सरळ स्टँड आणि त्यावर पर्कशन बार घ्यावा. म्हणजे एक आडवी दांडी आणि तिच्यावर सरकवता येणारे छोटे उभे रॉड. चारही घंटा एकदम हलवता येतात हा तिचा मोठा फायदा. क्लॅम्प घेताना रॉडची जाडी घंटेच्या खोबणीत बसते ना, ते दुकानातच लावून पाहा. तीन अष्टमांश इंचाच्या मापाच्या गप्पा मारत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष बसवून बघणं सोपं. काही घंटांची खोबण ९.५ मिलिमीटरच्या रॉडची असते, काहींची साडेबारा मिलिमीटरच्या आसपासची, आणि जाड रॉड बारीक खोबणीत जाणार नाही म्हणजे नाही.

आता नवख्यांना हमखास छळणारी गोष्ट : वाजवता वाजवता घंटा फिरते. दोन गाणी झाली की तिचं तोंड जमिनीकडे गेलेलं असतं. लोक विंग नट आणखी आवळतात, मग पाना घेऊन आवळतात, मग आटे खराब होतात. कारण साधं आहे. स्क्रू घंटेच्या बंद टोकाजवळ असतो आणि आपण मारतो दूरच्या तोंडावर, त्यामुळे प्रत्येक फटक्याला घंटा रॉडभोवती फिरवायला लांब तरफ मिळते. रॉड गुळगुळीत आणि गोल असेल तर स्क्रूला पकड मिळणारच नाही. उपाय दोन. एक तर खरखरीत नक्षी कोरलेला, किंवा एका बाजूने चपटा केलेला रॉड घ्या; स्क्रूचं टोक त्या चपट्या बाजूवर टेकवायचं. नाहीतर घंटेची दिशाच अशी ठेवा की फटक्याचा जोर रॉडच्या लांबीच्या दिशेने जाईल, त्याला आडवा जाणार नाही. उभ्या रॉडवर बसलेली घंटा आडव्या रॉडवरच्या घंटेपेक्षा कमी फिरते ती याचमुळे. साध्या गोल रॉडवर कानस मारून अर्ध्या बोटाएवढा सपाट भाग घरीही करता येतो.

स्टँडच्या तीन पायांपैकी एक पाय बारच्या वजनाच्या बाजूला, बरोबर त्याच्या खाली यायला हवा. चार पोलादी घंटा आणि बार मिळून वजन चांगलंच होतं. दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे ते झुकलं की एखाद्या जोरकस तुकड्यात सगळी रांग फ्लोअर टॉमवर येते.

जागा ठरवणं

उजव्या हाताने वाजवणाऱ्याला दोन जागा सुचतात. डावीकडे हायहॅटच्या वर, किंवा उजवीकडे राइड आणि फ्लोअर टॉमच्या मध्ये. एकच घंटा असेल तर डावी जागा सोयीची. उजवा हात राइडवर चालू ठेवून डाव्याने मध्येच टोला देता येतो. रांगेसाठी मात्र दोन्ही हात एकदम पोचायला हवेत, म्हणून उजवीकडे, कंबर थोडी वळवून बसता येईल अशी.

स्टुलावर नेहमीसारखे बसा. डोळे मिटा, कोपर अंगाजवळ सैल ठेवून दोन्ही स्टिक त्या दिशेला न्या आणि जिथे मनगट आपोआप थांबेल तिथे डोळे उघडा. बार तिथे यायला हवा. खांदा उचलावा लागला तर बार उंच आहे. नवखे लोक घंटा फार उंच लावतात, कारण फोटोत त्या तशा दिसतात. पण फोटो समोरून काढलेला असतो आणि पीर्ट उंचापुरा माणूस होता.

क्रम टॉमसारखा : लहान घंटा डावीकडे, मोठी उजवीकडे. पियानो वाजवलेल्यांना हे उलटं वाटेल. पण टॉमवरून घंटांवर आणि परत अशी धाव घेताना हाताला एकच नकाशा लक्षात ठेवायचा असतो, आणि वेगात तोच कामाला येतो. तोंडं सगळी तुमच्याकडे, थोडी खाली कललेली, आणि रांग सरळ रेषेत न ठेवता हलक्या कमानीत. दोन घंटांमध्ये तीन बोटांचं अंतर पुरे. त्याहून जवळ लावल्यात तर एकीवर मारताना स्टिकची दांडी शेजारणीला लागते.

हे सगळं पक्कं झालं की प्रत्येक रॉडवर, क्लॅम्पच्या कडेशी, रंगीत टेपची पट्टी गुंडाळा. मोठ्या बँडचे ड्रम टेक्निशियन जो सेट दर मुक्कामी जसाच्या तसा उभा करतात, तो अशाच खुणांच्या जिवावर.

आवाज बांधणं

नवीन घंटा घरात वाजवली की कानठळ्या बसतात. तिला थोडी बांधावी लागते. दोन बोटं रुंद कापडी टेपची पट्टी घंटेच्या आत, तोंडापासून थोडी मागे, वरच्या पत्र्याला आडवी चिकटवा. रेंगाळणारा धातूचा आवाज कमी होतो आणि ठोका ठळक होतो. बाहेरून चिकटवू नका, स्टिक लागून आठवडाभरात निघते. लहान घंटेला कमी, मोठीला जास्त टेप, असं करत चौघींचा आवाज साधारण सारखाच वेळ टिकेल असं बघा. सुरावट वाजवताना एकच घंटा लांब वाजत राहिली तर कान तिथेच अडकतो. टेपच्या वजनाने सूर किंचित खाली येतो, हेही लक्षात ठेवा. दोन घंटा फार जवळ पडल्या असतील तर खालच्या सुराच्या घंटेला टेप वाढवून अंतर थोडं ओढता येतं. पत्रा कापणं, ठोकणं, कानसणं असले उद्योग करू नका. तबल्याच्या गट्ट्यांसारखं इथे मागे आणता येत नाही.

हात बसवणं

एका घंटेवर तीन आवाज आहेत आणि आधी ते वेगळे काढता आले पाहिजेत. तोंडाच्या कडेवर स्टिकचा खांदा, म्हणजे जाड आणि खालचा आवाज. वरच्या सपाट पत्र्याच्या मधोमध स्टिकचं टोक, म्हणजे कोरडा ‘टिक’. आणि बंद टोकाजवळ टोक, म्हणजे अजून बारीक, जवळजवळ लाकडासारखा. चार घंटांना तीनने गुणलंत तर हाताशी किती आवाज आले बघा.

पहिले काही दिवस पाय शांत ठेवून फक्त रांगेवर एका हाताआड एक, सम ठोके. उतरत जा, चढत या. मग आठ मात्रांचे ३-३-२ असे गट पाडा आणि प्रत्येक गटाचा पहिला ठोका नव्या घंटेवर घ्या. इथे एक जुनी गोष्ट उपयोगाची आहे. १९९४ मध्ये जॅझ ड्रमर बडी रिचच्या स्मरणार्थ केलेल्या अल्बमच्या निमित्ताने पीर्ट इतर ड्रमर्सना जवळून बघत होता. त्यानंतर, जगभर नाव झालेलं असताना, चाळिशी ओलांडलेला हा माणूस फ्रेडी ग्रूबर या बुजुर्ग शिक्षकाकडे शिकायला गेला. ग्रूबरचा भर दोन फटक्यांच्या मधल्या हालचालीवर होता. काऊबेलच्या रांगेवर हे लगेच पटतं. एका घंटेवरून दुसरीवर जाताना स्टिक सरळ रेषेत ओढली तर हात आखडतो. छोट्या वळणाने, उसळी घेऊन नेली तर पुढचा ठोका आयता पडतो. फटका मारला की तो विसरा आणि स्टिक आता कुठल्या वाटेने जातेय तेवढं बघा.

आता पाय. पीर्टच्या नंतरच्या सोलोंमध्ये पायांनी वॉल्ट्झ चालू असतो आणि हात वर मोकळे फिरतात. जॅझ ड्रमर मॅक्स रोचच्या १९६६ च्या ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’वरून ही कल्पना घेतल्याचं त्याने मोकळेपणाने सांगितलंय. नवख्यासाठी सोपं रूप असं : तीन मात्रा, पहिलीवर बेसड्रम, दुसरी-तिसरीवर पायाने हायहॅट. दादऱ्याची सहा मात्रांची सवय असलेल्यांना हा झोका लगेच सापडेल. पाय पाच मिनिटं न अडखळता चालेपर्यंत हात वर नेऊ नका. कंटाळा येईल, येऊ द्या. मग मोठ्या घंटेवर फक्त पहिली मात्रा. नंतर पहिली मोठीवर, तिसरी लहानवर. मग तीन मात्रांत चार सारखे ठोके, चार घंटांवर एकेक. पाय तीनमध्ये आणि हात चारमध्ये चालायला लागले की त्या सोलोंमध्ये जो तरंगल्यासारखा भास होतो तो कशातून येतो ते तुमच्या तुम्हाला कळेल.

यानंतरचा धडा म्हणजे ‘वाय वाय झेड’ची सुरुवात. वाय-वाय-झेड हे टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव. मोर्समध्ये ते जसं वाजेल तोच त्या गाण्याचा ठेका आहे. अल्बमवर पीर्टने तो क्रोटेल या छोट्या जाड पितळी चकत्यांवर वाजवला, पण दोन काऊबेलवर त्याचा सराव झकास होतो. मोर्सची लांब खूण दोन मात्रांची आणि आखूड एका मात्रेची धरली की आपल्याला तो वृत्तासारखा थेट वाचता येतो :

गा ल गा गा, गा ल गा गा, गा गा ल ल

गुरूला दोन आणि लघूला एक मोजा. सात, सात आणि सहा मिळून वीस मात्रा झाल्या. गझल लिहिणाऱ्यांच्या तर पहिले दोन तुकडे तोंडातच असतात. आधी हे मोठ्याने म्हणा. मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक टिकेला चार मात्रा धरा, म्हणजे पाच टिकांनी आवर्तन पुरं होऊन सम येते. म्हणताना सम चुकेनाशी झाली की प्रत्येक गुरू मोठ्या घंटेच्या कडेवर आणि लघू लहान घंटेवर. सगळ्यांची गाडी घसरते ती शेवटच्या ‘ल ल’पाशी, तिथून समेवर येताना घाई होते. हायहॅट पायाने प्रत्येक टिकेला चालू ठेवलीत तर ती घाई पकडली जाते. मग चारही घंटा वापरा, दुसरा ‘गालगागा’ वेगळ्या जोडीवर टाका. पीर्टने तसं केलंय म्हणून नव्हे, तर आता रांग तुमची आहे म्हणून.

स्टिकचं काय, असं विचारलं जातं. पीर्टच्या नावाची प्रो-मार्कची ७४७ जपानी ओकची होती, टणक आणि टिकाऊ. साधी हिकरीची स्टिकही चालते, मात्र खांद्याशी ती लवकर कुरतडली जाते. अर्धवट खाल्लेल्या स्टिक फेकू नका. काऊबेलच्या सरावासाठी त्याच वेगळ्या काढून ठेवा, नव्या सिंबल आणि टॉमला.

कान आणि शेजारी

कानात प्लग घालूनच सराव करा. काऊबेल डोक्याच्या जवळ असते, तिचा ठोका अणकुचीदार असतो आणि तो त्रास देतो हे कानाला उशिरा कळतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर घंटांच्या आत जुन्या मोज्याचे बोळे कोंबा. सूर ओळखण्याइतपत उरतो, भिंतीपलीकडे फारसं जात नाही. तरी रात्री दहानंतर नाहीच. ढोल-ताशा सोसणारी सोसायटीही बंद खोलीतल्या काऊबेलपुढे हात टेकते.

कार्यक्रमाला नेताना

२०१५ च्या शेवटच्या दौऱ्यात पीर्टने उत्तरार्धासाठी आपल्या सत्तरच्या दशकातल्या दोन बेसड्रमच्या सेटची प्रतिकृती डीडब्ल्यूकडून बनवून घेतली होती. त्याच्या दिमतीला मालवाहू ट्रक आणि माणसं होती. तुम्हाला रिक्षातून जायचं आहे, म्हणून घंटा बारवरून काढू नका. बार स्टँडवरून सोडवा आणि घंटांसकट सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळा. प्रत्येक घंटेत तोच मोजा राहू द्या, म्हणजे वाटेत वाजणार नाहीत आणि एकमेकींवर आपटून पत्रा चेपणार नाही. पिशवीच्या बाहेरच्या खणात दोन जादा विंग नट, एक ड्रमची चावी आणि कापडी टेपचा रोल ठेवा. पोचल्यावर आधी बाकीचा सेट लावा, स्टूल नेहमीच्या उंचीवर आणा, त्यावर बसा आणि मगच बार चढवा. साउंडचेकला साउंडवाल्याला काऊबेल सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जोरात वाजवून दाखवा. बहुतेकदा तो वेगळा माइक द्यायचा विचार सोडून देतो. वरच्या ओव्हरहेड माइकमध्ये त्या हव्या त्याहून जास्तच येत असतात.